खांदेमळणी आणि जिवाचा विसावा : ओझ्याने वाकलेल्यांसाठी ख्रिस्ती विश्वासाची वाट

पोळ्याच्या आदल्या दिवशी आमच्या जालना जिल्ह्यातल्या गावांमध्ये बैलांची खांदेमळणी होते. सायंकाळी बैलांना धुऊन, वर्षभर जिथे जू टेकते त्या खांद्याला हळद आणि तूप लावून चोळतात आणि ‘आज आवतण घ्या, उद्या जेवायला या’ असे त्यांना निमंत्रण देतात. आमचे घर ख्रिस्ती असल्यामुळे पोळ्याची पूजा आमच्याकडे होत नसे, परंतु खांदेमळणी वडिलांनी कधी चुकवली नाही. ज्या जनावराने आपल्यासाठी खांदा दिला, त्याच्या खांद्याला हात लावून पाहणे हे मालकाचे कर्तव्य आहे, असे ते म्हणत. खांदा सुजला आहे का, कातडी सोलवटली आहे का, जू एका बाजूला कलते का, हे त्या सायंकाळी बोटांनी चाचपून कळत असे. प्रभू येशूने थकलेल्यांना दिलेले निमंत्रण मी संडे स्कूलपासून पाठ म्हणत आलो, पण त्यातला ‘जू’ हा शब्द मला समजला तो आमच्या गोठ्यात.

मी पाळक, म्हणजे चर्चचा धर्मगुरू, नाही. गावच्या मंडळीत, म्हणजे चर्चच्या सभासदांमध्ये, पंच म्हणून बरीच वर्षे सेवा करीत आहे आणि शेती हाच माझा व्यवसाय आहे. २०१२ चा पावसाळा कोरडा गेला आणि २०१३ च्या उन्हाळ्यात या भागातल्या असंख्य शेतकऱ्यांप्रमाणे माझीही मोसंबीची बाग डोळ्यांदेखत वाळली. टँकरचे विकतचे पाणी घालूनही झाडे वाचली नाहीत. मागे उरले ते टँकरसाठी काढलेले कर्ज. त्या वर्षी मला रात्री दोनच्या सुमारास जाग येई आणि उजाडेपर्यंत व्याजाचे आकडे डोक्यात फिरत राहत. पुढे जे लिहिले आहे ते मी त्या काळात आणि त्यानंतर मंडळीतल्या अनेकांबरोबर बसून शिकलो आहे. हे सारे क्रमाने करावयाचे आहे आणि एकेका पायरीला आठवडा किंवा महिना लागला तरी काही बिघडत नाही.

आधी वचन नीट वाचावे

बायबलमधील मत्तयकृत शुभवर्तमानाच्या अकराव्या अध्यायात, २८ ते ३० या ओव्यांत, हे निमंत्रण आहे : ‘अहो कष्टी व भाराक्रांत जनहो, तुम्ही सर्व माझ्याकडे या, म्हणजे मी तुम्हांला विसावा देईन.’ पुढच्याच वाक्यात तो सांगतो की ‘माझे जू आपणांवर घ्या व माझ्यापासून शिका’, कारण ते जू सोयीचे आणि ते ओझे हलके आहे. पुष्कळ जण पहिल्या वाक्यावर थांबतात आणि म्हणून पुढे निराश होतात. विसाव्याचे वचन आणि जुवाची आज्ञा एकाच श्वासात आलेली आहेत. जू हे काम करणाऱ्याच्या मानेवर असते. तेव्हा आपली जमीन, घर, आजारी सासू, मुलांचे शिक्षण यांतून सुटका होईल असे प्रभूने येथे म्हटलेले नाही. जिवाला विसावा मिळेल असे म्हटले आहे, आणि तो हे काम चालू असतानाच मिळावयाचा आहे.

मूळ ग्रीक भाषेत ‘कष्टी’ हा शब्द स्वतः राबून थकलेल्यांसाठी आहे आणि ‘भाराक्रांत’ हा शब्द ज्यांच्यावर दुसऱ्या कोणी ओझे लादले आहे त्यांच्यासाठी आहे. हा भेद पुढे फार उपयोगी पडतो. ते ओझे लादणारे कोण, हेही त्याच शुभवर्तमानाच्या तेविसाव्या अध्यायात सापडते : जड ओझी बांधून लोकांच्या खांद्यांवर ठेवणारे आणि ती हलवायला स्वतःचे बोटही न लावणारे धर्मशिक्षक. निमंत्रणानंतर लगेच, बाराव्या अध्यायात, भुकेल्या शिष्यांनी शब्बाथ, म्हणजे आठवड्यातल्या विसाव्याच्या, दिवशी शेतातली कणसे मोडून खाल्ली म्हणून परूशी, म्हणजे धर्मनियम कडकपणे पाळणारे यहुदी, हरकत घेतात. म्हणजे प्रभूच्या मनात केवळ पोटापाण्याचे कष्ट नव्हते; देवाच्या नावाने माणसांच्या मानेवर ठेवलेले ओझेही होते. आजही काही भाविक माणसे देवापासून दूर गेल्यामुळे थकलेली नसतात. देवाला खूश ठेवण्याच्या धडपडीनेच ती थकलेली असतात. त्यांच्यासाठीही हे निमंत्रण आहे.

‘सोयीचे’ म्हणजे खांद्याला बरोबर बसणारे. सुताराला हे कळते. येशू नासरेथात सुतार म्हणून ओळखला जात होता, आणि दुसऱ्या शतकातील ख्रिस्ती लेखक जस्टिन मार्टर याने लिहून ठेवले आहे की तो नांगर आणि जुवे बनवीत असे. आमच्याकडे बलुत्यावर काम करणारा सुतार जू घडवताना आधी बैलांचे खांदे पाहत असे, कारण एका जोडीला घडवलेले जू दुसऱ्या जोडीला बसेलच असे नसते. प्रवचनांत पुष्कळदा सांगितले जाते की जुवाच्या दुसऱ्या बाजूला प्रभू स्वतः आहे. वचनात नेमके हे शब्द नाहीत, आणि वचनात नसलेले आपण घुसडू नये. परंतु ‘माझ्यापासून शिका’ हे शब्द आहेत, आणि ज्याने नवा गोऱ्हा कामाला लावला आहे त्याला ठाऊक असते की गोऱ्हा शिकतो तो जुन्या, शांत बैलाच्या जोडीला जुंपल्यावरच.

पहिली पायरी : ओझी वहीत उतरवावीत

शाळेतली साधी दोनशे पानी वही घ्यावी. दिवेलागणीनंतर, घरातली गडबड शमल्यावर, तासभर एकट्याने बसावे आणि मनावर जे जे आहे ते एकाखाली एक लिहावे. ‘टेन्शन आहे’ असे लिहू नये. ‘सोसायटीचे पीककर्ज, अमुक रक्कम, मार्चअखेर’, ‘धाकट्या भावाशी बांधावरून अबोला, तीन वर्षे’, ‘मुलीच्या सासरचे बोलणे’, ‘आईच्या शेवटच्या आजारपणात मी पुण्याहून वेळेवर आलो नाही’, असे नेमके लिहावे. लिहिता येत नसेल तर विश्वासातल्या माणसाला सांगून लिहवून घ्यावे किंवा मोठ्याने बोलावे. माझी पहिली यादी सतरा ओळींची झाली होती आणि त्यांतील चारच पैशांच्या होत्या, याचे मला त्या रात्री फार नवल वाटले, कारण वर्षभर मी सर्वांना कर्जाचेच कारण सांगत होतो.

मग प्रत्येक ओळीपुढे एक खूण करावी. प्रेषित पौलाने गलतीकरांना लिहिलेल्या पत्राच्या सहाव्या अध्यायात दुसऱ्या ओवीत ‘एकमेकांची ओझी वाहा’ असे म्हटले आहे आणि पाचव्या ओवीत प्रत्येकाने आपला स्वतःचा भार वाहिलाच पाहिजे असे म्हटले आहे. मूळ भाषेत हे दोन वेगळे शब्द आहेत. एक चिरडणारे वजन आहे, जे एकट्याने उचलण्यासाठी नसतेच. दुसरा ज्याचा त्याचा नेहमीचा भार आहे, आपली शिदोरी आपण बांधावी तसा. म्हणून जे माझे रोजचे कर्तव्य आहे त्यापुढे ‘माझे’, जे एकट्याने पेलण्यासारखे नाही त्यापुढे ‘सोबत’ आणि जे मुळात माझ्या हातातच नाही, म्हणजे पाऊस, बाजारभाव, दुसऱ्याचे मन, होऊन गेलेला काळ, त्यापुढे ‘देवाचे’ असे लिहावे.

काही ओळी कोणत्याच खुणेत बसणार नाहीत. त्या लोकलज्जेच्या असतात : लग्नात इतके वऱ्हाड जेवलेच पाहिजे, घराला स्लॅब पडलाच पाहिजे, शेजाऱ्याच्या मुलाइतके मार्क पडलेच पाहिजेत. हे ओझे देवाने ठेवलेले नाही. अशा ओळींवर काट मारण्याचा अधिकार विश्वासी माणसाला आहे आणि तो त्याने वापरावा. आमच्या मंडळीतल्या एका कुटुंबाने मुलीचे लग्न रविवारच्या उपासनेनंतर चर्चमध्येच चहा आणि पोह्यांवर लावले. चार दिवस नातलग कुजबुजले आणि पाचव्या दिवशी विषय संपला.

दुसरी पायरी : जे पाप आहे ते पदरी घ्यावे, जे पाप नाही ते घेऊ नये

ही पायरी सर्वांत अवघड आहे. म्हणून येथे सावकाश वाचावे ही विनंती.

यादीतील काही ओळी आपल्याच हातून घडलेल्या चुकीच्या असतात. भावाचा हिस्सा दाबलेला असतो, पत्नीवर हात उगारलेला असतो, दारूत पैसे गेलेले असतात. अशा ओझ्याला कितीही विश्रांती घेतली तरी उतार पडत नाही. बत्तिसाव्या स्तोत्रात दावीद सांगतो की मी गप्प राहिलो तेव्हा माझी हाडे झिजून गेली. योहानाच्या पहिल्या पत्रात, पहिल्या अध्यायाच्या नवव्या ओवीत, आपल्या मराठी शास्त्राने, म्हणजे बायबलने, फार सुंदर शब्द वापरला आहे : ‘जर आपण आपली पापे पदरी घेतली’ तर देव विश्वसनीय व न्यायी आहे आणि तो क्षमा करील. पदरी घेणे म्हणजे सबबी न सांगता ‘हे माझे’ म्हणणे. हे देवापुढे मोठ्याने, नाव घेऊन म्हणावे. नंतर ज्याचे नुकसान केले त्याच्याकडे जावे. जक्कय या जकातदाराने फसवून घेतलेले चौपट परत करण्याची तयारी दाखवली होती. आपण निदान बांध तरी मागे घ्यावा. क्षमा फुकट मिळते, परंतु घेतलेली जमीन परत करावी लागते, आणि ती परत केल्यावर येणारी झोप निराळीच असते.

आता दुसरी बाजू पाहावी. मराठवाड्यात माणसे न केलेल्या गुन्ह्याचेही ओझे वाहतात. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीला भूकंप झाला, लातूर आणि तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यातील गावेच्या गावे दगडमातीच्या भिंतींखाली गाडली गेली आणि हजारो माणसे मृत्युमुखी पडली. त्यानंतर कित्येक वर्षे लोक एकमेकांना विचारीत होते की हे कोणाच्या पापामुळे झाले. मुले गमावलेली एक आई मला एकदा एसटीत भेटली होती. आपल्याच हातून काय चुकले ते शोधण्यात तिचे अर्धे आयुष्य गेले होते. अगदी हाच प्रश्न येशूपुढे आला होता. शिलोहातला बुरूज कोसळून १८ माणसे मेली होती, आणि ती यरुशलेमात राहणाऱ्या इतर सर्वांपेक्षा अधिक अपराधी होती असे तुम्हाला वाटते काय, असे विचारून त्याने स्वतःच ‘नाही’ असे उत्तर दिले. लूकच्या तेराव्या अध्यायात हे आहे. त्यात पुढे पश्चात्तापाची हाक आहे, पण ती जिवंत राहिलेल्या सर्वांना आहे. मेलेल्यांवर आरोप ठेवण्यासाठी ती नाही. जन्मांध माणसाविषयीही योहानाच्या नवव्या अध्यायात त्याने असेच म्हटले की याने पाप केले नाही आणि याच्या आईबापांनीही नाही.

म्हणून वहीतील ज्या ओळीचे कारण दुष्काळ, गारपीट, भूकंप किंवा आजार आहे, तिच्यापुढे ‘माझे पाप’ असे लिहिलेले असेल तर ते खोडावे. बाग वाळली त्या वर्षी एका वडीलधाऱ्या बंधूंनी मला सर्वांसमोर सांगितले की तुझा विश्वास कमी पडला म्हणून पाणी आटले. मी त्यांचा राग धरला नाही असे म्हणणे खोटे होईल. तो राग सोडायलाही मला हीच पायरी लागली. पण त्यांचे ते म्हणणे शास्त्राला धरून नव्हते, आणि कोणी तुम्हाला असे म्हणाले तर ते ओझे तुम्ही उचलू नये.

तिसरी पायरी : गाऱ्हाणे करून मग टाकावे

ज्या ओळींपुढे ‘देवाचे’ असे लिहिले, त्या त्याच्याकडे सोपवावयाच्या आहेत. पेत्र आपल्या पहिल्या पत्राच्या पाचव्या अध्यायात सांगतो की त्याच्यावर आपली सर्व चिंता टाका, कारण तो तुमची काळजी घेतो. ‘टाका’ हे क्रियापद शेतकऱ्याला चांगले कळते. डोक्यावरचा कडब्याचा भारा हळूच उतरवत नाहीत. मान काढून घेतात आणि भारा खाली पडतो.

परंतु टाकण्यापूर्वी बोलावे. पुष्कळ ख्रिस्ती माणसे प्रार्थनेत एकदम ‘प्रभू, तुझे आभार’ येथून सुरुवात करतात आणि मनातली कळ मनातच राहते. स्तोत्रसंहितेत गाऱ्हाण्याची स्तोत्रे भरपूर आहेत. तेरावे स्तोत्र ‘हे परमेश्वरा, कोठवर?’ या प्रश्नाने सुरू होते आणि अठ्ठ्याऐंशीवे तर अंधारातच संपते, त्याच्या शेवटी समाधानाची एकही ओळ नाही. देवाने ही स्तोत्रे आपल्या ग्रंथात राहू दिली, तेव्हा आपले रडणेही त्याला चालते. रोज रात्री १०-१५ मिनिटे पुढीलप्रमाणे करून पाहावे. प्रथम तेरावे स्तोत्र मोठ्याने वाचावे. ते सहाच ओव्यांचे आहे. मग वहीतील एकच ओळ घ्यावी, सगळी यादी नव्हे, आणि तिच्याविषयी जे वाटते ते आपल्या घरच्या बोलीत देवाला सांगावे. चर्चमधली भारदस्त भाषा येथे लागत नाही. माझी आई ‘देवा, लई झालं आता’ एवढेच म्हणून कितीतरी वेळ गप्प बसत असे. त्यानंतर दोन्ही तळवे उपडे करून ‘हे तुझ्याकडे’ असे म्हणावे, थोडा वेळ स्तब्ध राहावे आणि तळवे उताणे करून उद्यापुरते बळ मागावे. उद्यापुरतेच, कारण ‘ज्या दिवसाचे दुःख त्या दिवसाला पुरे’ असे प्रभूने डोंगरावरील प्रवचनात सांगितले आहे.

दुसऱ्या दिवशी तीच चिंता पुन्हा खांद्यावर दिसेल. तेव्हा आपली प्रार्थना खोटी होती असे समजू नये, पुन्हा टाकावी. मला एकच ओळ जवळजवळ दोन वर्षे रोज टाकावी लागली. रात्री जाग आली तर अंथरुणात कुशी बदलत आकडे करीत बसण्यापेक्षा उठून, पाणी पिऊन, तेविसावे स्तोत्र पाठ म्हणावे. ‘परमेश्वर माझा मेंढपाळ आहे, मला काही उणे पडणार नाही’ हे वाक्य श्वासाबरोबर सावकाश म्हटले की दोन-चार वेळांत अंग सैल पडू लागते.

चौथी पायरी : भाकर आणि झोप

एलीया संदेष्टा रानात एका झुडपाखाली बसून ‘आता पुरे, माझा प्राण घे’ म्हणाला. देवाच्या दूताने त्याला उपदेश केला नाही. त्याला झोपू दिले, निखाऱ्यांवर भाजलेली भाकर आणि पाणी दिले, पुन्हा झोपू दिले, पुन्हा खायला दिले. देवाचे बोलणे त्यानंतर कित्येक दिवसांनी, होरेब डोंगरावर झाले. राजांच्या पहिल्या पुस्तकाचा एकोणिसावा अध्याय उपवासावर उपवास करणाऱ्या प्रत्येक थकलेल्या माणसाने वाचावा. आधीच अंगात रक्त कमी असलेल्या बहिणींनी संकट आले की आणखी एक उपवास धरावा, हे मला पटत नाही. वेळेवर जेवावे, रात्री मोबाइल दूर ठेवावा, रक्तदाब किंवा साखरेची गोळी चालू असेल ती प्रार्थना झाली म्हणून बंद करू नये. प्रभू स्वतः वादळात होडीच्या मागच्या भागात उशी घेऊन झोपला होता.

पाचवी पायरी : एक दिवस जू काढून ठेवावे

शब्बाथाची आज्ञा आपण ‘चर्चला जाण्याची आज्ञा’ म्हणून ऐकतो. बायबलमधील निर्गम या पुस्तकाच्या विसाव्या अध्यायात आणि अनुवाद या पुस्तकाच्या पाचव्या अध्यायात ती वाचली तर दिसते की त्या दिवशी मालकाबरोबर त्याच्या मुलामुलींनी, दासदासींनी, परदेशी माणसाने आणि बैल-गाढवांनीही थांबावे असे म्हटले आहे. अनुवाद या पुस्तकात कारणही दिले आहे : तुम्ही मिसर देशात दास होता हे लक्षात ठेवा. गुलामाला सुट्टी नसते. म्हणून सुट्टी घेणे ही मुक्त झाल्याची खूण आहे.

हे बीड-जालन्याच्या माणसाला समजावून सांगावे लागत नाही. दिवाळीच्या आसपास येथून जी कुटुंबे ऊसतोडीला जातात, त्यांनी मुकादमाकडून उचल घेतलेली असते, नवरा-बायको मिळून एक कोयता, म्हणजे मजुरांचे एकच एकक, धरला जातो आणि एखादा दिवस कामावर आले नाहीत तर खाडा लागून पैसे कापले जातात. पाळीच्या दिवसांतही बाईला थांबता येत नाही. अशा माणसाला ‘रविवार पाळा’ असे नुसते सांगणे म्हणजे पुन्हा परूश्यांसारखे ओझे लादणे होय. त्यांनी पहाटे कोपीतून, म्हणजे पाचटाच्या झोपडीतून, निघण्यापूर्वी पाच मिनिटे एकत्र हात धरून उभे राहावे, एक ओवी म्हणावी, आणि गावी परतल्यावर पहिला पूर्ण आठवडा सक्तीने विसावा घ्यावा. खाड्याच्या भीतीशिवाय एक दिवस थांबता यावे यासाठी बोलणे, त्यांच्यासोबत उभे राहणे, हे आपल्यासारख्या घरी राहणाऱ्यांचे काम आहे.

ज्यांना रविवार हाताशी आहे त्यांनी तो आदल्या दिवसापासून तयार करावा. वाळवंटात इस्राएल लोक देवाने दिलेले अन्न, म्हणजे मान्ना, सहाव्या दिवशी दुप्पट गोळा करीत असत, यात स्वयंपाकघराची मोठी सोय लपलेली आहे. शनिवारी कडक भाकरी, धपाटे, शेंगदाण्याची चटणी, ठेचा करून ठेवला तर रविवारी चूल एकदाच पेटते. अन्यथा घरातले पुरुष उपासनेहून येऊन पंख्याखाली पडतात आणि बाई चार तास स्वयंपाकात अडकते. तो शब्बाथ अर्ध्याच घराचा झाला. पुरुषांनी त्या दिवशी भांडी घासावीत, हे मी पूर्ण गंभीरपणे लिहितो आहे. गावचा आठवडी बाजार रविवारी असेल तर भाजी विकणाऱ्यांनी दुसरा अर्धा दिवस ठरवून घ्यावा आणि तो घरातल्या सर्वांना सांगून ठेवावा. त्या वेळात कर्जाचा, बांधाचा, मार्कांचा विषय काढू नये. झोपावे, लेकरांबरोबर शेततळ्यापर्यंत चालत जावे, मंडळीतल्या म्हाताऱ्या माणसांना भेटावे, गाणी म्हणावीत. नारायण वामन टिळकांनी आपल्याला अभंग-ओव्यांच्या चालीवर गाता येतील अशी गीते देऊन ठेवली आहेत, आणि टाळ-पेटीवर ती म्हटली की वचन डोक्यातून काळजात उतरते.

सहावी पायरी : दुसऱ्याचा खांदा मागावा

ज्या ओळींपुढे ‘सोबत’ असे लिहिले, त्या केवळ प्रार्थनेने हलक्या होत नाहीत, आणि तशा त्या व्हाव्यात अशी देवाची इच्छाही नाही. मोशे सकाळपासून संध्याकाळपर्यंत एकटाच लोकांचे न्यायनिवाडे करीत बसे. त्याचा सासरा इथ्रो याने पाहून सांगितले की हे बरे नाही, तू झिजून जाशील; हजारांवर, शंभरांवर, पन्नासांवर आणि दहांवर माणसे नेम. देवाशी समोरासमोर बोलणाऱ्या मोशेलाही हा सल्ला माणसाच्या तोंडून मिळाला.

सांगण्यासाठी माणूस निवडताना घाई करू नये. ज्याच्याकडून दुसऱ्याच्या गोष्टी तुम्ही ऐकल्या आहेत, तो तुमच्याही बाहेर नेईल. पाळक, पंच, महिला मंडळातली एखादी अनुभवी बहीण, यांपैकी ज्याने स्वतः दुःख पाहिले आहे आणि जो ऐकताना मध्येच ओवी फेकत नाही, त्याला निवडावे. ‘मला सल्ला नको, आधी ऐकून घ्या’ असे आरंभीच सांगावे. जो पैसे घेऊन प्रार्थना करतो, ‘इतकी देणगी द्या, कर्ज फिटेल’ असे म्हणतो, किंवा डॉक्टरचे औषध बंद करायला सांगतो, त्याच्यापासून दूर राहावे. प्रभूने निमंत्रणाला किंमत लावलेली नाही.

मंडळीनेही ‘आम्ही प्रार्थना करतो’ येथे थांबू नये. कर्जदार माणूस बँकेत एकटा जातो तेव्हा त्याची मान खाली असते. दोन पंच त्याच्यासोबत गेले तर तो कर्जाच्या पुनर्गठनाविषयी, म्हणजे परतफेड नव्याने बांधून घेण्याविषयी, नीट विचारू शकतो. बिनपरवाना सावकाराने जमीन लिहून घेतली असेल तर महाराष्ट्र सावकारी (नियमन) अधिनियम, २०१४ नुसार जिल्हा उपनिबंधक, सहकारी संस्था यांच्याकडे अर्ज करता येतो. त्या अर्जाची कागदपत्रे लावून देणे हीसुद्धा सेवा आहे. घरात कोणी अंथरुणाला खिळलेले असेल तर आठवड्यातील एक दुपार त्याच्याजवळ बसून सांभाळणाऱ्या सुनेला मोकळे करावे. एकमेकांची ओझी वाहणे म्हणजे यापेक्षा वेगळे काही नाही.

जालन्याजवळचे बेथेल या बाबतीत मला नेहमी आठवते. १८४३ मध्ये मुंबईत बाप्तिस्मा घेतलेले नारायण शेषाद्री यांनी पुढे आमच्या भागात सेवा केली आणि गावकुसाबाहेर ढकललेल्या माणसांसाठी ही वसाहत उभी केली. त्यांनी तिला दिलेले नाव उत्पत्तीच्या अठ्ठाविसाव्या अध्यायातून आले आहे. घरातून पळालेला याकोब रानात दगड उशाला घेऊन झोपला, त्याला तिथे देव भेटला आणि त्याने त्या जागेला बेथेल, म्हणजे देवाचे घर, असे म्हटले. पळून दमलेल्या माणसाला झोप लागली ती जागा देवाचे घर ठरली. आपल्या गावातल्या चर्चची इमारत लहान असो की मोठी, दमलेल्या माणसाला तिथे निःशंक बसता येते का, एवढे आपण पंचांनी विचारून पाहावे.

आणि ओझे जगण्यावरच उठले असेल, आपण नसलेलो बरे असे वाटू लागले असेल, विहीर, दोर किंवा फवारणीचे औषध मनात येत असेल, तर वरील पायऱ्यांची वाट पाहू नये. त्याच क्षणी जवळच्या माणसाला स्पष्ट शब्दांत सांगावे, एकटे राहू नये, आणि टेलि-मानसच्या १४४१६ या क्रमांकावर फोन करावा. ही सरकारी सेवा मोफत आहे, चोवीस तास चालते आणि मराठीत बोलता येते. जिल्हा रुग्णालयात मानसोपचार विभागात दाखवावे. घरच्यांनी औषधाची बाटली कुलपात ठेवावी. असे वाटणे हा अविश्वास नव्हे. एलीयानेही मरण मागितले होते आणि देवाने त्याला रागे भरले नाही.

वही पुन्हा उघडताना

महिन्यातून एकदा, प्रभुभोजनाच्या, म्हणजे चर्चमधल्या भाकर आणि द्राक्षारसाच्या विधीच्या, आदल्या रात्री वही पुन्हा उघडावी. पौल म्हणतो की मनुष्याने आत्मपरीक्षा करावी आणि मग त्या भाकरीतून खावे. त्या परीक्षेला ही वही चांगली साथ देते. कोणत्या ओळी गेल्या, कोणत्या राहिल्या आणि ‘देवाचे’ म्हणून लिहिलेले मी पुन्हा गुपचूप ‘माझे’ केले का, हे पाहावे. खूण बदलावी लागली तर बदलावी. नवीन ओळी येतील, त्या लिहाव्यात. माझे कर्ज फिटायला त्यानंतर सहा वर्षे लागली. मोसंबी मी पुन्हा लावली नाही, तुरीवर आणि दोन म्हशींवर घर चालले. भावाशी बोलणे मात्र पहिल्याच वर्षी सुरू झाले, कारण त्या ओळीपुढे मी सुरुवातीला ‘देवाचे’ लिहिले होते आणि तिसऱ्या महिन्यात ते खोडून ‘माझे’ लिहावे लागले. त्या रविवारी उपासनेनंतर मी त्याच्या दारात गेलो. त्याने आत बोलावले नाही, पण ओसरीवर चहा आणून दिला.